अँतोफागास्ता : नकाशावरच्या एका रेघेची गोष्ट

नोकरीने मला बरीच गावे दाखवली. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रसामग्रीचा धंदा असा आहे की जिथे चांगले पाणी असते तिथे आम्हाला कोणी बोलावत नाही. त्यामुळे इथल्या मंडळातले मित्र युरोपच्या सहलीचे फोटो दाखवतात तेव्हा मी आपला वाळवंटांचे दाखवतो. 2016 साली साहेबांनी विचारले, "चिलीला जाणार का? अँतोफागास्ता." मी हो म्हणालो आणि घरी येऊन आधी नकाशा काढला. बायको म्हणाली, "नाव तरी नीट म्हणून दाखवा!"

त्यानंतर पाच-सहा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मी त्या गावाकडे एक रुक्ष बंदर म्हणून पाहिले. शेवटच्या खेपेपर्यंत ते मला माझ्या आजोळाची आठवण करून देऊ लागले होते. हे कसे झाले ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. इतिहासाचा मी पदवीधर नाही, हौशी वाचक आहे. तेव्हा तज्ज्ञांनी सांभाळून घ्यावे.

एकीकडे समुद्र, एकीकडे डोंगर आणि मध्ये काहीच नाही

चिली हा देश म्हणजे मिरचीसारखा लांबट, निमुळता. राजधानी सांतियागोहून विमानाने सुमारे दोन तास उत्तरेकडे गेले की अँतोफागास्ता येते. खिडकीतून खाली पाहिले तर हिरवा ठिपका म्हणून दिसत नाही. तपकिरी, पिवळसर, लालसर जमीन आणि तिच्या कडेला निळाभोर पॅसिफिक महासागर. विमानतळाजवळच मकरवृत्तावर उभारलेले एक स्मारक आहे. शाळेत पृथ्वीच्या गोलावर ठिपक्यांनी काढलेली ती रेघ पायाखाली आल्यावर मला उगाचच आमच्या भूगोलाच्या मास्तरांची आठवण झाली.

कोकणची रचना आपल्या डोळ्यांसमोर असते. समुद्र, किनारपट्टी, मग सह्याद्री, मग देश. इथेही क्रम तोच आहे, फक्त प्रत्येक गोष्ट उलटी. किनाऱ्याला लागूनच एक उभा डोंगर, त्याच्या माथ्यावरून मागे पसरलेले अटाकामा वाळवंट आणि त्याच्याही मागे सहा हजार मीटरपर्यंत चढत जाणारे अँडीज पर्वत. कोकणात सह्याद्री ढग अडवतो म्हणून पाऊस पडतो. इथे अँडीज पूर्वेकडचे, अमेझॉनकडचे ढग अडवतो तेव्हा पाऊस पलीकडेच पडून जातो. पश्चिमेला समुद्र आहे खरा, पण त्यातून वाहणारा हंबोल्ट प्रवाह इतका थंड आहे की त्याच्यावरच्या हवेला वर चढून ढग होता येत नाही. होते ते फक्त धुके. त्याला तिथले लोक 'कामांचाका' म्हणतात. सकाळी ते डोंगराला बिलगून बसते आणि दुपारी निघून जाते. वर्षभराचा पाऊस काही मिलिमीटर. आपल्याकडे कोकणात एखाद्या सरीत याहून जास्त पडतो.

आणि म्हणूनच पाऊस इथे भीतीचा विषय आहे. 18 जून 1991 च्या पहाटे शहरावर अवघ्या काही तासांत चाळीसेक मिलिमीटर पाऊस झाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला होता, त्यापुढे हे काहीच नव्हे. पण डोंगरउतारावर ना झाड ना गवत, शहरात ना गटारे ना नाले. कोरड्या घळींतून चिखल आणि दगडांचे लोंढे थेट वस्तीत घुसले. नव्वदच्या आसपास माणसे गेली. आमच्या गाडीचा ड्रायव्हर, साठीचा गृहस्थ, आभाळात ढग दिसला की आजही घराच्या छपराकडे बघतो.

कारभार कसा चालतो

आपल्या वाचकांसाठी थोडी सरकारी माहिती, कारण पुढच्या गोष्टीत ती लागणार आहे.

चिलीत तीन पायऱ्या आहेत. 'रेखिओन' म्हणजे आपला महसुली विभाग समजा, 'प्रोविन्सिया' म्हणजे जिल्हा आणि 'कोमुना' म्हणजे तालुका आणि नगरपालिका एकत्र. अँतोफागास्ता हे तिन्हींचे नाव आहे, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला. अँतोफागास्ता विभागात तीन प्रांत आहेत. किनाऱ्यावर दक्षिणेला अँतोफागास्ता, उत्तरेला तोकोपिया आणि आत वाळवंटात एल लोआ. त्यांपैकी अँतोफागास्ता प्रांतात चार कोमुना येतात : अँतोफागास्ता शहर, मेखियोनेस, सिएर्रा गोर्दा आणि ताल्ताल. या एका प्रांताचे क्षेत्रफळ जवळजवळ 68 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दुपटीहून अधिक. उलट तिन्ही प्रांतांची मिळून लोकसंख्या 2017 च्या जनगणनेत सहा लाख सात हजार, म्हणजे 2011 च्या कल्याण-डोंबिवलीच्या जेमतेम निम्मी.

सत्ता मात्र कायम सांतियागोत. विभागाचा प्रमुख, ज्याला 'इंतेन्देन्ते' म्हणत, राष्ट्राध्यक्ष नेमत असे. 2021 पासून विभागाचा गव्हर्नर लोकांनी निवडून द्यायला सुरुवात झाली, पण पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिनिधीकडेच राहिली. तांबे इथले, पैसा राजधानीत, ही तक्रार गावातला चहावालासुद्धा करतो. (चहावाला हे माझे म्हणणे, तो कॉफीवाला.) 2024 पासून खाणींवरच्या नव्या स्वामित्वशुल्काचा काही वाटा विभागांना आणि कोमुनांना मिळू लागला, तो या जुन्या तक्रारीचाच परिणाम.

तक्रार जुनी, असे म्हणालो ते उगाच नाही. हा प्रांत जन्माला आला तोच दूरच्या राजधानीच्या पायी.

आधी हे बोलिव्हियाचे होते

पहिल्या खेपेला मला हे ठाऊकच नव्हते. बोलिव्हिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो डोंगरातला, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश. पण 1825 साली तो स्वतंत्र झाला तेव्हा त्याला समुद्र होता. सिमोन बोलिव्हारने कोबिखा नावाच्या एका उजाड किनाऱ्यावर बंदर काढायचा हुकूम दिला. पुढे त्या किनारपट्टीचे 'लितोराल' नावाचे स्वतंत्र डिपार्टमेंट झाले आणि कोबिखा त्याचे मुख्य ठाणे.

ठाणे झाले, पण राज्य करणारे होते अँडीजच्या पलीकडे. तिथून समुद्रापर्यंत यायचे म्हणजे खेचरांच्या तांड्याने कित्येक दिवस चार हजार मीटर उंचीचे घाट आणि मग पाणी नसलेले वाळवंट. चिलीच्या वालपाराइसो बंदरातून मात्र जहाजात बसले की काम झाले. त्यामुळे जमीन बोलिव्हियाची, पण तिथे आलेले मजूर चिलीचे, आणि भांडवल चिलीचे आणि इंग्रजांचे, असा प्रकार झाला. अँतोफागास्ता गाव 1860 च्या दशकात वसले. 1875 च्या मोजणीत तिथे पाच हजारांवर वस्ती होती आणि दहांतले आठ लोक चिलियन होते.

लोक आले कशासाठी? आधी ग्वानोसाठी, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी. आणि मग सोऱ्यासाठी. शाळेच्या रसायनशास्त्रात आपण 'चिली सॉल्टपीटर' घोकले होते, तेच हे सोडियम नायट्रेट. शेताला खत आणि तोफेला दारू, दोन्ही त्यातून. पावसाने धुऊन न गेल्यामुळे ते या वाळवंटात थरांनी साठले होते. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे इथे गवत उगवत नव्हते, त्याच कोरडेपणामुळे युरोपातली शेते पिकत होती.

दोन देशांत सीमा ठरली 24 व्या अक्षांशावर. 1866 ला एक तह झाला, 1874 ला दुसरा. दुसऱ्या तहात बोलिव्हियाने कबूल केले की चिलीच्या कंपन्यांवर पंचवीस वर्षे नवा कर लावणार नाही. अँतोफागास्ता शहर या रेघेच्या जेमतेम चाळीस किलोमीटर उत्तरेला, म्हणजे बोलिव्हियात. आजच्या प्रांतातला ताल्ताल रेघेच्या दक्षिणेला, म्हणजे पहिल्यापासून चिलीत. एकाच प्रांताच्या चार कोमुनांत दोन देशांची जमीन शिवलेली आहे, ती अशी.

दहा सेंतावोंचे युद्ध

14 फेब्रुवारी 1878 ला बोलिव्हियाच्या विधिमंडळाने सोऱ्याच्या दर क्विंटलमागे (तिथला क्विंटल सुमारे 46 किलोंचा) दहा सेंतावोंचा कर मंजूर केला. सेंतावो म्हणजे आपला पैसा समजा. आदल्याच वर्षी, 9 मे 1877 ला, भूकंप आणि त्सुनामीने ही किनारपट्टी मोडून पडली होती आणि सरकारी तिजोरीत खडखडाट होता. बोलिव्हियाचे म्हणणे, जमीन आमची, कर आम्ही लावू. कंपनी म्हणाली, तह बघा. अध्यक्ष दासा यांच्या सरकारने कंपनीची मालमत्ता जप्त करून लिलाव पुकारला. लिलावाची तारीख होती 14 फेब्रुवारी 1879. त्याच दिवशी सकाळी चिलीच्या युद्धनौका बंदरात आल्या, सैनिक उतरले आणि लढाई न होताच गाव ताब्यात गेले. लिलाव राहिलाच.

पुढे पाच वर्षे युद्ध चालले. 23 मार्च 1879 ला कालामाजवळ तोपातेरच्या पुलावर मूठभर बोलिव्हियन लोकांनी चिलीची फौज अडवायचा प्रयत्न केला. त्यांतला एदुआर्दो आबारोआ हा सैनिक नव्हता. तो शरण न जाता तिथेच पडला. पेरूचा बोलिव्हियाशी गुप्त करार होता, म्हणून तोही युद्धात ओढला गेला आणि 1881 च्या जानेवारीत चिलीचे सैन्य थेट लिमात शिरले. 1884 ला बोलिव्हियाशी तहकुबी झाली. 12 जुलै 1888 ला चिलीने कायद्याने अँतोफागास्ता प्रांत स्थापन केला. त्याच वर्षी मेखियोनेसची जकात कचेरी उचलून अँतोफागास्ताला आणून उभी केली. ती लाकडी इमारत आज संग्रहालय आहे. शेवटी 20 ऑक्टोबर 1904 च्या तहाने बोलिव्हियाने किनारा कायमचा सोडला. बदल्यात त्याला चिलीच्या बंदरांतून मालाची मुक्त ने-आण करण्याचा हक्क आणि आरिका ते ला पास हा लोहमार्ग मिळाला.

कोबिखाचे आज अवशेष उरले आहेत. बोलिव्हियाने मात्र अमेझॉनच्या जंगलातल्या एका दूरच्या गावाला त्या हरवलेल्या बंदराची आठवण म्हणून 'कोबिखा' हेच नाव दिले. समुद्र गेला, नाव सोडवले नाही.

सोरा, तांबे आणि पाणी

युद्ध जिंकून चिलीला जे मिळाले त्यावर तो देश पुढची चाळीस वर्षे चालला. पण वाळवंटात राबणाऱ्याला काय मिळाले? सोऱ्याच्या वसाहतींत पगार रोख मिळत नसे, कंपनीचे बिल्ले मिळत. ते चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात. 6 फेब्रुवारी 1906 ला अँतोफागास्ताच्या कोलोन चौकात संपावरच्या कामगारांवर गोळीबार झाला. रेल्वे कामगारांची मागणी होती जेवणाची सुट्टी दीड तासाची करा. बस, एवढीच! आज त्या चौकात इंग्रज रहिवाशांनी भेट दिलेले घड्याळाचे सुबक मनोरे आहे. मी तिथे बाकावर बसून सँडविच खाल्ले आणि मग ही हकिकत कळली.

पुढे जर्मनीत हवेतून नायट्रोजन काढून खत बनवायची हाबर-बॉश पद्धत निघाली आणि सोऱ्याचा बाजार कोसळला. वसाहती ओस पडल्या. त्यांतल्या चाकाबुको या ओसाड वसाहतीत 1973 च्या लष्करी उठावानंतर राजकीय कैदी कोंडले होते. सोऱ्याची जागा तांब्याने घेतली. आज एस्कोन्दिदा ही जगातली सर्वांत मोठी तांब्याची खाण याच प्रांतात आहे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. 1872 साली, गाव अजून बोलिव्हियात असताना, लास सालिनास इथे चार्ल्स विल्सन नावाच्या अभियंत्याने काचेच्या छपरांखाली खारे पाणी उन्हात तापवून गोडे पाणी काढायचा कारखाना घातला. दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक पाणी, तेही इंधनाशिवाय! सौर ऊर्जेचे आजचे कौतुक ऐकले की मला विल्सनची आठवण येते.

पण सगळ्याच गोष्टी अशा अभिमानाच्या नाहीत. शहर वाढले, पाणी पुरेना. 1958 साली अँडीजमधल्या तोकोन्से नदीचे पाणी सुमारे तीनशे किलोमीटर लांबीच्या नळाने शहरात आणले. लोकांनी आनंद केला. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात लिटरमागे 800 मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक होते. आजची सुरक्षित मर्यादा 10 आहे. 1970 मध्ये आर्सेनिक काढण्याचे केंद्र सुरू होईपर्यंत बारा वर्षे सगळे शहर तेच पाणी प्यायले. त्या काळात जन्मलेल्या आणि लहान असलेल्या मुलांमध्ये फुप्फुसाचे आणि मूत्राशयाचे कर्करोग पुढे चाळीस वर्षे दिसत राहिले. आमच्या ड्रायव्हरचा जन्म त्याच वर्षांतला. त्याचा थोरला भाऊ फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. तो हे सांगत होता तेव्हा माझ्या मांडीवर पाण्याच्या तपासणीचे कागद होते आणि मी ते पिशवीत टाकले.

2003 पासून शहरात समुद्राचे पाणी गोडे करणारे केंद्र चालू आहे आणि आता बहुतेक पाणी समुद्राचेच असते.

तारीख एक, घरे दोन

2018 च्या खेपेत आमच्या गटात बोलिव्हियाची एक अभियंता होती, ओरुरोची. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल लागला. बोलिव्हियाने 2013 मध्ये दावा लावला होता की समुद्रापर्यंत वाट देण्याबाबत वाटाघाटी करणे चिलीवर बंधनकारक आहे. न्यायालयाने बारा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, कायद्याने तसे बंधन नाही. दोघांनी बोलू नये असे नव्हे, एवढे मात्र जोडले.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणी फार बोलले नाही. ड्रायव्हरने तिच्यासाठी कॉफी आणून ठेवली. संध्याकाळी आम्ही जुन्या धक्क्यावर फिरायला गेलो तेव्हा ती मोकळी झाली. 23 मार्च हा त्यांच्याकडे 'समुद्रदिन'. शाळेतली मुले संचलन करतात. देशाला आरमारही आहे, ते तितिकाका सरोवरात असते. "आणि इथे 14 फेब्रुवारी हा गावाचा वाढदिवस," ती म्हणाली. "आतषबाजी असते. आमचा समुद्र गेला तो दिवस."

ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "माझे पणजोबा इथेच पुरलेत. मी कुठे जाऊ?"

दोघांचेही खरे होते. मी काय बोलणार? मला आठवले ते बेळगाव. माझे आजोळ बेळगावचे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आज्जी झोपेतून उठली ती दुसऱ्या राज्यात. इथे युद्ध झाले, सैन्ये आली, देश बदलले. आमच्याकडे सुदैवाने तसे काही नाही, देश एकच आहे. तुलना फार ताणू नये हे मला कळते. पण पत्रावर पत्ता लिहिताना आज्जी राज्याचे नाव कधीच लिहीत नसे. टपालात घोटाळा होईल म्हटले तर म्हणायची, "पिनकोड आहे की, पोचतंय बघ." तिची पत्रे सगळी पोचली. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आज्जी जाऊन आता बरीच वर्षे झाली. आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या कानडी काकूंचे घरही तिथेच, तीन पिढ्यांपासून. सणाला ताटे इकडून तिकडे जात.

निघताना त्या मुलीने पाण्याची रिकामी बाटली धक्क्याच्या पायऱ्यांवरून खाली नेऊन समुद्राच्या पाण्याने भरली. तिचे वडील रेल्वेत होते. सोऱ्याच्या काळातली ती अँतोफागास्ता-बोलिव्हिया रेल्वे अजून माल वाहते. त्यांनी जन्मभर या बंदराच्या नावाचे डबे पाहिले, पण समुद्र पाहिला नव्हता. पायऱ्या निसरड्या होत्या म्हणून ड्रायव्हरने वरून तिचा हात धरला होता.

घरी आल्यावर मुलीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता. "बाबा, पणजी कुठल्या स्टेटची लिहू?" मी तिला आधी ही सगळी गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर तिने चौकटीत फक्त 'बेळगाव' लिहिले. बाईंनी काही मार्क कापले नाहीत.